भुशाचं लेकरू

मी एक जुनी म्हैस आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की लगेच नाकं मुरडू नका. माझं एक शिंग अजून धड आहे, आणि ते कुणाच्या बरगडीत कसं लावायचं हे मी विसरलेली नाही. दुसरं शिंग मोडलं आणि डावा डोळा गेला. तो कुणापायी गेला, ते सांगायला बसले आहे.

वडवणीपासून जवळच, कुंडलिका नदीच्या काठावर आमचं गाव. तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि गावात शब्द सुंदरराव पाटलाचा होता. त्याच्याच गोठ्यात मी जन्मले. माझी आई नावाजलेली, मी तिच्याहून वरचढ. माझ्या दुधाचं दही विळीनं कापावं लागे. पाहुणा आला की पाटील त्याला आधी गोठ्यात आणायचा, मला दाखवायचा, आणि मग ओसरीवर नेऊन बसवायचा. मला त्याचा गर्व होता. अजून आहे. जिनं घर दुधातुपानं भरलं तिनं मान खाली घालून का चालावं?

रोज दुपारी आम्ही साऱ्या म्हशी डोहात उतरायचो. पाणी म्हणजे म्हशीला काय असतं, हे माणसाला सांगून कळायचं नाही. तुम्हाला घाम येतो आणि अंग निवतं. आमची कातडी काळी, जाड, तिला घाम जवळजवळ नाहीच. अंगातली आग पाण्यात आणि चिखलातच उतरते. डोहात नाकापर्यंत बुडून बसलं की शेजारणीशी असलेलं भांडणसुद्धा आठवत नाही.

पण एक गोष्ट मला तरुणपणी कुणी सांगितली नव्हती. म्हशीला वगार, म्हणजे मादी पिल्लू, झाली तर घरात गूळ वाटतात. रेडकू झालं तर ते कधी मरतं याची वाट बघतात. नर दूध देत नाही ना. माझी पहिली दोन्ही रेडकंच झाली. त्यांना माझ्या आचळाला लागू दिलं नाही. ताकाचं पाणी पाजलं आणि उन्हात खुंट्याला बांधून ठेवलं. थोरल्याच्या डोळ्यांत माश्या बसल्या, त्या हाकलायला त्याच्या शेपटीत जीव नव्हता. ते उभ्याचं आडवं झालं.

मग त्याचं कातडं सोललं, आत भुसा भरला, पोट शिवलं, काठ्यांचे पाय लावले आणि माझ्यापुढं आणून उभं केलं. पाठीवर मीठ चोळलं. लेकरू गेलं की म्हैस पान्हा सोडत नाही, म्हणून ही युक्ती. मी ते चाटलं. पान्हा सोडला. माणसं हसली आणि म्हणाली, "म्हशीला काय कळतंय?"

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. जे लेकरू पोटात वागवलं ते श्वास घेतं की नाही हे आईला कळत नाही, असं ज्याला वाटतं त्याच्याच डोक्यात भुसा असतो. पण त्या कातड्याला माझ्या लेकराचा वास होता. जेवढा उरला होता तेवढा मी चाटून घेतला. दूध त्यांनी नेलं. धाकट्याचंही तसंच झालं.

आमच्या भागात दिवाळीच्या पाडव्याला रेड्यांच्या टकरी लागतात. शिंगांना रंग, अंगाला तेल, गळ्यात घुंगरमाळ. खरं सांगायचं तर त्या टकरीत फार रक्त सांडत नसे. रेड्यांचा आपला एक कायदा आहे. डोक्याला डोकं लावायचं आणि रेटायचं. ज्याच्या पायाखालची माती सुटली त्यानं पाठ फिरवायची. पाठ फिरवली की दुसरा थांबतो. हे त्यांना कळपात कळतं, नदीवर, एकमेकांच्या खोड्या काढता काढता. हा कायदा कुठल्या कचेरीत लिहिलेला नाही, म्हणून तो कुणी मोडतही नाही.

एका पाडव्याला पाटलाच्या रेड्यानं तलवाडा गावच्या रेड्यापुढं पाठ फिरवली. त्या रेड्याचा मालक धुळाजी. तोंडानं तिखट माणूस. भरल्या मैदानात तो म्हणाला, "पाटील, जनावर चांगलं हाय. पखालीला लावा. पाणी लई वाहील."

पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर टाकून पाणी वाहायची चामड्याची पिशवी. पखालीचा रेडा म्हणजे गावाचा गडी. सारं मैदान हसलं. पाटील हसला नाही. त्यानं घरी येऊन रेड्याला पखालीलाही लावलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्याला गोठ्यासमोरच देवीपुढं उभं केलं. बळीची रीत होतीच, पण बळीला म्हातारा, मोडका रेडा देत. हा भर उमेदीतला होता. मान जाड होती. पाटलाचा पहिला घाव हाडात अडकला. दुसऱ्यानं रेडा गुडघ्यांवर आला. तिसऱ्या घावाला रक्त माझ्या गव्हाणीपर्यंत उडालं. हरलेल्या रेड्याचं या घरात काय होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हा माझ्या पोटाशी माझं तिसरं रेडकू उभं होतं.

याला पाटलानं मरू दिलं नव्हतं. त्याला नवा लढवय्या हवा होता, म्हणून माझं दूध याला पोटभर मिळालं. कपाळावर पांढरा ठिपका, छाती रुंद, चाल डौलदार. पाटलानं त्याचं नाव ठेवलं रुस्तम. तोवर एवढं एकच लेकरू मला जिवंतपणी पोटभर चाटायला मिळालं. हा जगावा, एवढीच माझी त्या घरात मागणी होती.

दसरा झाला आणि रुस्तमला माझ्यापासून तोडून बळदात नेलं. बळद म्हणजे धान्य साठवायची बिनखिडकीची खोली. तिची भिंत माझ्या गोठ्याला लागून होती.

बंकट नावाचा गडी रेडे सांभाळायचा. तो दारात आडवा उभा राहिला. "पाटील, हितं धान्याला बी किडे पडत्यात. जनावर कशाला ठिवायचं?"

"हैदराबादेला गेलतो तवा ऐकलंय," पाटील म्हणाला. "ऊन न्हाई, डोह न्हाई, दुसरं जनावर नजरंला पडू द्यायचं न्हाई. आग साठती आत."

"साठती की. पर ती कुणाला भाजंल ते बी ऐकून आलाव का?"

"तू रेडा सांभाळतू का मला शिकवतू बे?"

"रेडाच सांभाळतो. तुमाला सांभाळायला मालकीणबाई हाईत."

चुलीपाशी पाटलाची बायको छबुबाई बसली होती. ती पदराआड हसली. पाटलानं बंकटच्या हातातलं दावं हिसकलं आणि स्वतः रुस्तमला आत ओढलं. दार लागलं.

खाण्याची आबाळ नव्हती, तेवढं मी कबूल करते. सरकी, पेंड, तूप, अंडी, वरून मोहाची दारू. दारूचे रांजण रिकामे होताना बघून गावाला वाटायचं, काय नशीब काढलंय जनावरानं. पण तोंड माझ्या भिंतीकडं करून नाकातली वेसण दोन्ही बाजूंच्या भिंतींना बांधलेली होती. त्याला मान वळवता येत नव्हती, स्वतःचं अंगही चाटता येत नव्हतं. पायाखाली शेण आणि मूत. खूर वाढून वाकडे झाले, मधे कुजले. पाण्यावाचून कातडी तडकली, त्या भेगांत किडे झाले. पोट भरलं म्हणजे जनावर सुखी, असं म्हणणाऱ्याला एकदा तसंच बांधून तूप पाजावं.

तरीही पाटलाचं समाधान झालं नाही. रुस्तमला राग येत होता, पण तो कुणावर धरायचा हे कळत नव्हतं. तेव्हा त्या घरानं आपली जुनीच युक्ती काढली. दसऱ्याला कापलेल्या रेड्याचं कातडं शिंगांसकट ठेवलेलं होतं. त्यात भुसा भरला, आत बांबूचा सांगाडा घातला. मधे पोकळी ठेवली, बंकटनं वाकून शिरण्यापुरती. रुस्तमचा वैरी म्हणून त्याला ते 'तलवाडेवाला' म्हणत. काम नसेल तेव्हा तलवाडेवाला माझ्याच गोठ्यात भिंतीला टेकून उभा असायचा. मी रोज त्याचं तोंड बघायचे.

बंकट त्यात शिरायचा, बळदात जायचा आणि त्या मेलेल्या तोंडातून लोखंडी टोकाची पराणी बाहेर काढून रुस्तमच्या नाकपुडीत, मानेत, डोळ्याखाली टोचायचा. पाटील दारातून म्हणायचा, "टोच बे. रडतूस काय?"

"टोचतोय की," आतून बंकटचा आवाज यायचा. मग हळू, पाटलाला ऐकू जाणार नाही असा, "ए बाळा, सोस जरा. माझं बी पोट हाय रे मागं."

आणि दिवस मावळायच्या आत तोच बंकट घमेलं घेऊन यायचा, जखमांना हळद लावायचा आणि म्हणायचा, "ये बाळा, खा."

मला त्यांनी भुशावर माया करायला लावली होती. माझ्या लेकराला भुशावर राग धरायला शिकवलं. मी निदान ओळखलं होतं, कारण मी जिवंत लेकराचं अंग चाटलेलं होतं. त्यानं कळप बघितला नव्हता. काळं अंग, दोन शिंगं, म्हशीचा वास, म्हणजे आता टोक घुसणार, एवढंच त्याला कळलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात मी भिंतीपाशी जाऊन रेकले की पलीकडून तो ओ द्यायचा. दुसऱ्या पावसाळ्यात गप्प राहायचा. पुढं पुढं मी रेकले की तो भिंतीला धडका द्यायचा. माती पडायची, रक्ताचा वास यायचा. पाटील पाहुण्यांना म्हणायचा, "बघा, कसा पेटलाय." मी रेकणं सोडून दिलं. तो जगायला हवा असेल तर आईनं मुकं राहावं, असं मी मनाशी ठरवलं.

अखेर पाटलाचा पाडवा आला. रुस्तमच्या शिंगांना लाल हिंगूळ लावला, टोकं कानशीनं घासून अणकुचीदार केली. मलाही हळदकुंकू लावून, हार घालून मैदानात नेलं. लढवय्याची आई म्हणून मिरवायचं होतं. संध्याकाळचं दूध काढायचं राहिलं होतं, माझी कास टच्च भरलेली. माझं दावं छबुबाईच्या हातात होतं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून म्हटलं, "तुला बी भ्या वाटतंय न्हवं? मला बी."

रुस्तमला डोळ्यांवर घोंगडं टाकून आणलं. एवढ्या वर्षांत तो उन्हात आला नव्हता. घोंगडं काढलं आणि तो थरथरला. डोळ्यांतून पाणी गळू लागलं. समोरून तलवाड्याचा रेडा आला, शांत, नदीवर वाढलेला. त्यानं रीतीप्रमाणं मान खाली घालून कपाळ पुढं केलं. म्हणजे, ये, बघू कुणात किती जोर आहे.

रुस्तमनं कपाळ लावलंच नाही. त्याला ते माहीतच नव्हतं. तो बाजूनं गेला आणि शिंग थेट बरगडीखाली घातलं. तलवाड्याच्या रेड्यानं पाठ फिरवली. हरलो, म्हणाला. रीतीप्रमाणं टक्कर तिथं संपली होती. पाटील उडी मारून ओरडला, "धुळाजी, आता पखालीला कोण लागतंय?"

रुस्तम थांबला नाही. मागून पुन्हा शिंग घातलं, पोट फाडलं. तो रेडा आपल्याच आतड्यांवर पाय देत चार पावलं चालला आणि पडला. पडल्यावरही रुस्तम त्याला टोचतच राहिला. नाकपुडीत, मानेत, डोळ्याखाली. नेमकं जिथं त्याला टोचलं होतं तिथंच.

धुळाजी एवढंच म्हणाला, "पाटील, ह्यो रेडा न्हाई. हे काय केलंव तुमी?"

लोक पळू लागले. बंकट मात्र पुढं झाला. हात मोकळे, काठी नाही. "ए बाळा," तो म्हणाला, "सोस जरा. ये बाळा, खा." त्याच आवाजानं रुस्तमला खाऊ घातलं होतं आणि त्याच आवाजानं टोचलं होतं. रुस्तमनं त्यातला कुठला ओळखला, ते विचारू नका. त्यानं बंकटला शिंगावर घेतलं, वर उडवलं, आणि खाली पडल्यावर गुडघ्यांनी छाती दाबली. हाडं मोडल्याचा आवाज मला त्या टोकाला ऐकू आला.

पाटील घराकडं धावला, बंदूक आणायला. मला कळलं की ती आता माझ्या लेकरासाठी येणार. मी दाव्याला हिसडा दिला. छबुबाईनं धरून ठेवलं नाही. गाठ सोडली आणि म्हणाली, "जा बाई. तुजंच लेकरू हाय. तूच आवर."

मी मैदानात गेले आणि कित्येक दिवसांनी रेकले. त्याला लहानपणी बोलवायचे तशी. त्यानं मान वर केली. मला वाटलं, ओळखलं. मित्रांनो, आईचा गर्व मोठा असतो. मला खरंच वाटलं, माझ्या हाकेपुढं बळद ते काय.

पण त्यानं बघितलं काय? काळं अंग, दोन शिंगं.

पहिल्या धडकेत माझं शिंग मुळापाशी मोडलं. दुसऱ्यात त्याचं टोक माझ्या डाव्या डोळ्यात शिरलं आणि निघताना डोळा घेऊन गेलं. मी शिंग उगारलं नाही. उगारता आलं असतं. मी आडवी झाले. तिसरी धडक येणार म्हणून वाट बघत राहिले. ती आली नाही.

पडताना माझी कास दबली होती आणि दुधाची धार मातीत लागली होती. त्या मातीत बंकटचं रक्त होतं, रेड्याची आतडी होती, आणि त्यात माझं दूध. रुस्तमनं नाक खाली केलं. हुंगलं. थोडं थांबला, पुन्हा हुंगलं. मग एवढा थोरला, उरानं रुंद झालेला माझा रेडा गुडघे टेकून खाली बसला आणि त्यानं तोंड माझ्या कासेला लावलं.

छबुबाई ओरडत होती, "थांबा वो, मारू नका. निवलाय त्यो, बघा." पाटील बंदूक घेऊन परत आला होता, आणि एवढ्या जवळून नेम धरावाही लागत नाही. गोळी कानामागं लागली तेव्हा माझं दूध त्याच्या तोंडात होतं. ते तोंडातून पुन्हा बाहेर आलं, गुलाबी होऊन.

दुसऱ्या दिवशी निजामाच्या पोलिसांतले अमीनसाहेब घोड्यावरून आले. बंकट कुणामुळं मेला, विचारलं. पाटील म्हणाला, रेड्यामुळं. रेडा कुठाय? मेला. मग झालं, म्हणाले, गुन्हेगारच मेला. चहा पिऊन गेले. बंकटची बायको ओसरीच्या पायरीशी बसून होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. छबुबाई तिला हाताला धरून आत घेऊन गेली, आणि मग त्या दोघी मिळून घरात वावरू लागल्या. बंकटच्या घरी धान्य जायला लागलं, ते पाटलाला न विचारता.

माझा पान्हा मात्र आटला. गोठ्यात रुस्तमच्या पाठची माझी वगार होती, ती ढुशा देऊन दमली. तेव्हा पाटलाला आपली जुनी युक्ती आठवली. तो गड्याला म्हणाला, "रुस्तमचं कातडं ठिवलंय न्हवं? भुसा भरा आन् हिच्यापुढं उभं करा. सोडंल पान्हा."

छबुबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "त्या कातड्यात भुसा भरला, तर तुमच्या ताटात बी भुसाच वाढीन."

"बाईच्या जातीला काय कळतंय?" पाटील म्हणाला.

"तेच म्हशीला बी म्हनलावता," ती म्हणाली. "दोघींना कळतंय."

त्या दुपारी तिनं रुस्तमचं कातडं आणि तो तलवाडेवाला, दोन्ही परसात आणून पेटवून दिलं. भुसा चरचरत जळाला. मग ती पहार घेऊन बळदाच्या बाहेरच्या भिंतीला लागली. बंकटची बायको टोपल्यानं माती उचलत होती. पाटील ओसरीवर बसून सुपारी कातरत राहिला. त्यानं त्यांना अडवलं नाही, मदतही केली नाही. भिंत पडली आणि बळदात ऊन आलं. आत भिंतीवर कपाळाच्या उंचीला एक गुळगुळीत खळगा होता. माझ्या बाजूच्या भिंतीला. तिथं तो धडका द्यायचा.

त्या जागेवर आता उघडं छप्पर आहे. खाली मुरूम, एका कडेला पाण्याचं टाकं. दावं एवढं लांब की मान वळवून आपलं अंग चाटता यावं, आणि शेजारणीचंही. दुपारी सगळ्यांना डोहावर सोडतात. हे फार मोठं राजवैभव नाही. पण एवढं दिलं की जनावर जनावर राहतं. ते काढून घेतलं आणि वर कितीही तूप ओतलं, तरी आत जे तयार होतं त्याला नाव नाही. तुमच्यापैकी कुणाच्या दारात कुत्रं साखळीला असेल, पोपट पिंजऱ्यात असेल, तर त्याला काय खायला घालता ते मला सांगू नका. त्याला वळायला जागा किती आहे, ऊन-पाणी किती, आणि त्याच्या जातीचं कुणी त्याला भेटतं का, ते आधी बघा. त्याला धाक दाखवून शूर करायला जाऊ नका. तो शूर होत नाही. तो तुम्ही जे टोचलंत तेवढंच परत देतो, आणि कुणाला देतो हे तुमच्या हातात राहत नाही.

पुढं मला आणखी एक रेडकू झालं. छबुबाईनं त्याला माझ्याजवळच ठेवलं. तो आता मोठा झाला आहे आणि गावाची पखाल वाहतो. धुळाजी ज्याला शिवी समजला होता तेच काम. पाठीवर पाणी घेऊन घरोघर जातो, बायका त्याच्या कपाळाला हात लावतात. काम झालं की डोहात उतरतो आणि नाकापर्यंत बुडून बसतो. इतर रेड्यांशी टक्कर घेतो, हरतो, पाठ फिरवतो, आणि परत येऊन निवांत चरतो. माझा हा लेक कधी जिंकत नाही. मला त्याचाही गर्व आहे.

दिवस मावळताना आम्ही घरी येतो तेव्हा तो माझ्या डाव्या अंगाला चालतो, जिकडं मला डोळा नाही तिकडं. त्याला कुणी तसं शिकवलेलं नाही.